प्रती : एक

वडगावात, यंत्रमागाच्या वर माझं ऑफिस.
खाली साड्या निघतात, वर पुस्तकं.
दुपारनंतर दोन्हींचा आवाज एकच होतो
आणि फोनवर ओरडून सांगावं लागतं:
होय हो, मुखपृष्ठ धरून एकोणीस हजार,
आयएसबीएन फुकट.

पाटीवर वरती कानडी, नियमाप्रमाणे मोठं,
खाली मराठी, मावेल तेवढं.
रंगाऱ्याने दोन्हीकडे माझं आडनाव चुकवलं.
पैसे कापले नाहीत.
माझ्याही पुस्तकांत शुद्धिपत्र असतंच.

रौप्य, सुवर्ण, हिरक.
हिरकमध्ये समारंभ, एक फेटा,
पहिल्या पन्नास वाचकांना पाव किलो कुंदा.
कुंदा संपतो.
पुस्तकं जातात निपाणीला, चिकोडीला,
ज्याच्या त्याच्या पलंगाखाली.
मलपृष्ठावरचा मजकूर मीच लिहिते.
‘मातीचा गंध’ आजवर
एकशे बारा लेखकांना विकलाय.
माझी कादंबरी कॉम्प्युटरमध्ये आहे.
फाईलचं नाव शेवटची, मग शेवटची दोन,
मग खरीच शेवटची.
तिच्यासाठी मलपृष्ठ सुचत नाही.

मार्चात भरमाण्णा हलगेकर आले.
निवृत्त कंडक्टर, एकतीस वर्षं
बेळगाव, जांबोटी, चोर्ला.
जुन्या वेबिलांच्या कोऱ्या पाठीवर
लिहून आणलेलं सगळं, सुतळीने बांधून.
मध्येच उघडलं:
‘कणकुंबीची एक बाई
कोंबडीचं अर्धं तिकीट काढायची.
कोंबडी मेली, त्या दिवशीपण काढली.’
मान वर केली नाही मी.
हे वाक्य माझं असायला हवं होतं,
आणि मी त्याच्यावर सुवर्ण सुचवत होते,
शंभर प्रती, दोन व्हिडिओ, एक मुलाखत.

“एकच काढा बाई.
आणि अक्षरं कानडी घाला.”
अनुवाद करायचा?
“नको हो. मराठीच. अक्षरं तेवढी कानडी.
नातू कानडी शाळेत हाय.
तेला आमचं बोललेलं कळतंय, वाचाय येत न्हाई.
मला वाचाय येतंय, दिसत न्हाई.”

याचं पॅकेज माझ्याकडे नव्हतं.

महादेवीने टाईप केलं, जेवणाच्या सुट्टीत.
ती घरची कानडी, मराठी इथे कानावर पडून आलेली.
मी वाचायची, ती घालायची.
‘चार’ला अडलो नाही. ‘चूल’ला अडलो.
दातामागचा हा च आमच्यात नाही, म्हणाली, कुठून आणू?
आमच्यात आहे की, म्हटलं,
आणि रफ कागदावर दोन्ही लिहून दाखवले.
दोन्ही सारखेच दिसले.
पुन्हा लिहिले. सारखेच.
इतकी वर्षं प्रुफं तपासून मला वाटायचं
तो लिहिलेला असतो.

पुस्तक घ्यायला दोघे आले.
तिथेच बाकावर पोराला वाचायला बसवलं.
चूल, चाक, चोर्ला,
सगळे च टाळूला चिकटवत पोरगं वाचत गेलं.
भरमाण्णांनी एकही दुरुस्त केला नाही.
वाचनात थांबा आला की
अंगठा नुसता हवेत दाबायचे,
पिरनवाडी, किणये, जांबोटी.
कोंबडीपाशी पोरगं थांबलं.
“मेल्यावर कशाला काढली?”
“फुडं वाच.”

पावतीला किंमत शून्य चालेना.
एक रुपया टाकला.
त्यांनी दोनचं नाणं पुढे केलं
आणि हात तसाच ठेवला.
सुटे नव्हते.
खण बघितला, महादेवीची पर्स बघितली,
खाली मागवाल्याला विचारून आले.
मग पावती उलटी करून
मागे लिहिलं, एक रुपया येणे,
आणि खाली सही.

भरमाण्णांनी ती डोळ्यांशी नेली, दिसली नसणार,
घडी घालून खिशात ठेवली.
“असूदे,” म्हणाले, “उतरताना घेतो.”